रोडसाइड असिस्टन्स: अकरा महिने, तीन कॉल आणि शेंद्र्याची क्रेन

रस्त्यात गाडी बंद पडली की फोनवर मदत पाठवणारी वर्षाची मेंबरशिप मी घेतली, तिचा हा हिशोब. बॅटरी उतरणं, पंक्चर, किल्ली आत राहणं, पाच लिटर पेट्रोल, टोइंग (बंद गाडी ओढून नेणं) हे जवळपास सगळ्याच प्लॅनमध्ये असतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. माझा प्लॅन १४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७६९ ला पडला. वर्षाला चार कॉल, टोइंग ५० किलोमीटरपर्यंत मोफत. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

घेतला तो रागाच्या भरात. मागच्या ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. वरून पाऊस, बॉनेटमधून वाफ आणि मागे कास पठाराला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न. (फुलं अजून धड यायचीही होती, पण लोकांना दम कुठे!) ओळखीतून एक क्रेन मिळाली. घाट उतरून गोडोलीपर्यंत आणायचे त्याने २५०० घेतले. पाच-सहा किलोमीटरचे. पावती मागितली तर म्हणतो, "पावती कशाला सायेब, गाडी आली न्हवं?" त्याच रात्री जेवणाआधी मेंबरशिप घेऊन टाकली. पहिले १५ दिवस ती लागूच होत नाही हे पैसे भरल्यावर कळलं. म्हणजे गाडी बंद पडल्यावर रस्त्यात उभं राहून मोबाइलवरून घेऊ असं कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका.

पहिला कॉल डिसेंबरात. आठ दिवस गावाला गेलो होतो, परत आलो तर बॅटरी ठार. चाळीस मिनिटांत एक मुलगा मोटरसायकलवर आला, पाठीवरच्या सॅकमधून डब्याएवढा जंप स्टार्टर काढला, दोन चिमटे लावले आणि गाडी सुरू. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन थोडं ग्रीस लावा, असंही सांगून गेला. मी खूश. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "मला हाक मारायचीस की, माझ्याकडे केबल आहे." हिशोब करणाऱ्या माणसाला असं बोलू नये. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली सुरू करायची ही केबल चार-पाचशेला मिळते आणि काका फुकट आहेत.

दुसरा कॉल जानेवारीत, आणि तेव्हा मी गाडीत नव्हतो. बायको आणि मुलगी पुण्याहून येत होत्या. खंबाटकी उतरून सुरूरच्या पुढे रात्री साडेनऊला पंक्चर. मी घरून सांगितलं, आधी १०३३ लाव. ही महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन, चोवीस तास चालते, कुठलीही मेंबरशिप लागत नाही. गस्तीची गाडी वीस मिनिटांत आली, मागे कोन लावले, पिवळा दिवा चालू ठेवून थांबली. चाक बदलणं मात्र त्यांचं काम नाही. ते करायला मेंबरशिपवाला माणूस भुईंजहून पस्तीस मिनिटांत पोचला. त्याने स्टेपनी काढली आणि हाताने दाबून बघितली. हवाच नाही! दोन वर्षांत मी ती बघितलेली नव्हती. त्याच्याकडे हवेचा छोटा पंप होता म्हणून बरं. तो येईपर्यंत कॉल सेंटरच्या बाईंनी दोनदा फोन करून "मॅडम, गाडी लॉक करून आत बसू नका, कठड्याच्या पलीकडे उभ्या राहा" असं सांगितलं होतं. हे मला सुचलं नव्हतं. त्या रात्री १७६९ वसूल झाले असं मी मोठ्याने बोललो, आणि घरात सगळ्यांनी ऐकलं.

फेब्रुवारीत विमा रिन्यू करताना जुनी पॉलिसी चाळली. दुसऱ्या पानावर खाली, बारीक अक्षरात: रोडसाइड असिस्टन्स, दीडशेच्या आतबाहेर. म्हणजे ऑगस्टमध्ये घाटात भिजत २५०० मोजले तेव्हा माझ्याकडे ही सेवा होतीच. एजंटला फोन केला. "तुम्हीच म्हणाला होता ना, सगळं असू द्या?" म्हणालो असेन. कृपा करून आजच पॉलिसीची प्रत उघडून ॲड-ऑनची, म्हणजे जादा पैसे देऊन जोडलेल्या सेवांची, ओळ बघा. नवी गाडी असेल तर वॉरंटीच्या कागदांतही बघा, पहिली काही वर्षं बऱ्याचदा ती सेवा गाडीच्या कंपनीकडूनच असते. एकाच पंक्चरसाठी तीन ठिकाणी पैसे भरणारे आपल्याकडे कमी नसतील.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, शेवटी "घ्या, पण आधी पॉलिसी बघा" असा निकालही दिला होता. मग मे महिना आला.

मुंबईचे पाहुणे घेऊन बामणोलीला गेलो होतो, बोटीत बसायला. परतताना चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जाईना, आणि जळका वास. क्लच प्लेट गेली. मोबाइलला रेंज नाही, ॲप उघडेना. वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, ड्रायव्हरने सांगितलं, "त्या वळणावर वडाच्या बुडाला जावा, एक कांडी येती." तिथे एका पायावर उभा राहून बोललो.

"सर, पिनकोड सांगा."

"अहो, मी रस्त्यात आहे. सातारा-बामणोली रोड, बामणोलीपासून वर चढताना."

"ओके सर. जवळचा लँडमार्क? मॉल, पेट्रोल पंप?"

समोर एक म्हैस होती. ती मी सांगितली नाही.

क्रेन अडीच तासांनी आली. माझी तक्रार त्या अडीच तासांबद्दल नाही, त्या रस्त्याला तेवढा वेळ लागणारच. माणूसही सज्जन होता. क्रेन हुकाची होती, पुढची चाकं उचलून नेणारी. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि साध्या गिअरची असल्याने काही बिघडलं नाही. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारी) मागून घ्या, इंजिन किंवा मोटर फिरवते ती चाकं रस्त्यावर घासत नेली तर क्लच प्लेटपेक्षा मोठा खर्च निघेल.

आता खरी गोष्ट. गाडी बंद पडली तिथून साताऱ्याचं वर्कशॉप ३१ किलोमीटर. मीटरवर मोजलंय, नंतर दुरुस्त गाडी घेऊन परत जाऊन मोजलंय (पेट्रोल गेलं, माहीत आहे, घरी तेच ऐकलं). ५० पर्यंत मोफत, म्हणजे मला शून्य रुपये. तर वर्कशॉपच्या दारात क्रेनवाल्याने मोबाइल पुढे केला: २४ किलोमीटर जादा, चाळीसच्या दराने ९६० रुपये. कसे? क्रेन साताऱ्याजवळच्या शेंद्र्याच्या यार्डातून निघाली, माझ्यापर्यंत ३७. तिथून वर्कशॉप ३१. वर्कशॉपहून परत शेंद्रे ६. एकूण ७४.

म्हणजे क्रेनचा घरी जायचा प्रवाससुद्धा माझ्या खात्यात! हातात पैसे ठेवल्याशिवाय तो हूक सोडेना. त्याचाही दोष नाही, त्याला कंपनीकडून तसंच आलं होतं. भरले. मग नियमांची एकोणीस पानं वाचली. कुठेतरी चौदाव्या पानावर "जाऊन-येऊन" असा शब्द आहे. जाहिरातीत, ॲपवर, कार्डावर कुठेही नाही. दुकानदाराने किलो म्हणून पिशवी दिली आणि नंतर सांगितलं की किलोमध्ये पिशवी, सुतळी आणि माझं दुकानात येणं धरलंय, तर मंडईत त्याला कुणी सोडेल का?

माझ्या मते "मोफत ५० किलोमीटर" हे वाक्य ज्या प्लॅनमध्ये आहे त्यांना एकच प्रश्न विचारा: मोजायला सुरुवात कुठून? साताऱ्यात राहणाऱ्याला तर हे विचारायलाच हवं. क्रेनवाले बहुतेक हायवेच्या कडेला, आणि आपण अडकणार कास, बामणोली, ठोसेघर, पाटणच्या आत. हायवेवर अडकलो तर १०३३ आहेच. म्हणजे जिथे मेंबरशिपची गरज जास्त तिथेच ती तोकडी पडते. मेव्हणे म्हणाले, "दाजी, ९६० साठी एवढं?" त्यांची गाडी ऑफिसची आहे.

सात मेल केले. सातव्याला उत्तर आलं की क्रेनचा परतीचा, म्हणजे वर्कशॉप ते यार्ड हा प्रवास "सद्भावना म्हणून" वगळत आहोत. सहा किलोमीटर गुणिले चाळीस. २४० रुपये खात्यात आले. म्हणजे मोजणी चुकीची होती हे त्यांनाही कळतं, फक्त सहा किलोमीटरपुरतं. उरले ७२०.

या महिन्यात रिन्यूअलचे मेसेज सुरू झाले. माझा निर्णय झाला होता: विम्यातला दीडशेचा ॲड-ऑन ठेवायचा, डिकीत केबल आणि हवेचा पंप ठेवायचा, स्टेपनी महिन्याला बघायची आणि मेंबरशिपला रामराम. केबल आणि पंप आणलेही, दोन्ही मिळून एकवीसशे. आधीच आणले असते तर डिसेंबरचा कॉल लागला नसता.

परवा मोबाइलवर मेसेज: आपली मेंबरशिप नूतनीकृत झाली आहे. मला वाटलं आपोआप पैसे कापले, आठवा मेल लिहायला बसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी भरले. सुरूरला तू नव्हतास." त्यांच्या माणसाला तिने बामणोलीची पूर्ण कथा ऐकवली, पिनकोडसकट, आणि तीनशे रुपये कमी करून घेतले. १४६९ ला झालं.

"आता राहिले ४२०," ती म्हणाली.