टीआयएस नॅशनल, १३१ ४५०: डॉक्टरकडे आईबाबांसाठी मराठी दुभाषा जरूर मागा

मेलबर्नमधल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत एक पद्धत पडून गेली आहे. आईबाबांना डॉक्टरकडे न्यायचं असलं की मुलगा, मुलगी किंवा सून सुट्टी काढते आणि दुभाष्याचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. खरं तर ऑस्ट्रेलियन सरकारची टीआयएस नॅशनल ही दुभाषा सेवा नेमकी यासाठी आहे. १५० हून जास्त भाषांत, चोवीस तास, फोनवर. त्यात मराठीही आहे. तरी आपल्यात ती फारशी कुणी वापरत नाही, कारण "आमच्या आईला येतं की तेवढं इंग्रजी." माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. तिच्यासाठी ही सेवा वापरून पाहिली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आईने शाळेत नववी-दहावीला गणित शिकवलं. इंग्रजी वाचते, ऐकलेलं बरंचसं समजतं. बोलताना क्रियापद मागेपुढे होतं आणि उच्चार आपले असतात, इतकंच. पण तेवढ्यावरून लोक तिच्याशी कसे वागतात ते मी बघत आलो आहे. आम्ही आधी ज्या क्लिनिकमध्ये जायचो तिथे आई काउंटरसमोर उभी असतानाच रिसेप्शनिस्ट मला विचारायची, "यांना इंग्रजी येतं का?" मग आईला ऐकूच येत नसल्यासारखं आवाज चढवून, एकेक शब्द तोडून बोलायची. आई मान डोलवायची आणि गप्प बसायची. सुपरमार्केटमध्येसुद्धा ती माणूस बसलेल्या काउंटरवर जात नाही, सेल्फ-चेकआउटला जाते. मशीन "सॉरी?" म्हणून परत विचारत नाही ना.

आणि हे फक्त बाहेरचेच करतात असं नाही. आपल्या कार्यक्रमांत कुणाची सासू किती छान इंग्रजी बोलते याचं कौतुक चालतं तेव्हा बाकीच्या सासवा खुर्चीत आक्रसून बसलेल्या असतात. घरी नातवंडं आजीचे उच्चार सुधारतात आणि आपण हसतो. मला हे फार लागतं. जिने आयुष्यभर मुलांना फळ्यापुढे उभं करून बोलतं केलं, ती इथे तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करते.

नव्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतानाच मी सांगितलं, मराठी दुभाषा हवा, बाई असली तर बरं. आई चिडली. "सगळ्यांना वाटेल म्हातारी अडाणी आहे. दुभाष्या कशाला रे?" मी म्हटलं, "इंग्रजी येत नाही म्हणून नाही गं. दुखणं तुला हवं तसं सांगता यावं म्हणून." पटलं नव्हतं, पण आली.

डॉक्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी नाव न सांगता आपला क्रमांक सांगितला, मग मराठीत समजावलं की इथे बोललेलं कुठेही बाहेर जाणार नाही, आणि जे बोललं जाईल ते सगळं त्या दुसऱ्या भाषेत सांगतील. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. आई मध्येच माझ्याकडे वळून पुटपुटली, "फार वेळ घेतोय का रे आपण यांचा?" तर तेही इंग्रजीत गेलं. डॉक्टर हसल्या आणि थेट आईला म्हणाल्या, "मुळीच नाही. तुम्ही सावकाश सांगा." इतक्या दिवसांत कुठल्याही डॉक्टरने आईकडे बघून वाक्य पूर्ण केल्याचं मला आठवत नाही. आजवर सगळे माझ्याकडे बघून बोलायचे.

दुभाषी "त्या म्हणतात की दुखतं" असं सांगत नाही, "मला दुखतं" असंच सांगते. ही त्यांच्या कामाची शिस्तच आहे, आणि तिचा परिणाम मोठा होतो. खोलीत रुग्ण म्हणून आईच बोलत राहते. थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. आईने आत काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. मुलासमोर आईला न सांगता येण्यासारखी दुखणी असतात. आजवरच्या प्रत्येक भेटीत मी मध्ये बसलेलो होतो. एवढंच कळलं की स्पेशालिस्टसाठी रेफरल मिळालं. एक गोष्ट मात्र तिने गाडीत स्वतःहून सांगितली. बीपीच्या गोळीने कोरडा खोकला यायचा म्हणून ती गोळी एक दिवसाआड घेत होती. काही प्रकारच्या बीपीच्या गोळ्यांनी असा खोकला येतो, ही डॉक्टरांना ठाऊक असलेलीच गोष्ट. त्यांनी लगेच गोळी बदलून दिली.

या देशाने एके काळी भाषा कुंपणासारखी वापरली आहे. १९०१ च्या कायद्याने येणाऱ्या माणसाची ५० शब्दांची श्रुतलेखन परीक्षा घेता येत असे, तीही अधिकारी ठरवील त्या युरोपीय भाषेत. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषिक पत्रकाराची चक्क स्कॉटिश गेलिक या स्कॉटलंडमधल्या भाषेत परीक्षा घेतली गेली. माणूस नापास व्हावा हाच हेतू. ती परीक्षा १९५८ मध्ये गेली आणि १९७३ मध्ये फोनवरची दुभाषा सेवा सुरू झाली. म्हणजे दुभाषा मागणं हा इथला रुळलेला रस्ता आहे, कुणी आपल्यावर केलेले उपकार नव्हेत. काउंटरवर अवघडून उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांना हे माहीत असायला हवं.

आता उणिवा. फोनवरच्या बाईंना आई कुठे हात लावून दाखवते आहे ते दिसत नाही. "इथून इथपर्यंत" म्हटलं की डॉक्टरांना ती जागा शब्दांत सांगावी लागते. प्रत्येक वाक्य दोनदा होत असल्याने वेळही जास्त लागतो, म्हणून लांब अपॉइंटमेंट मागा. मराठीसारख्या भाषेचा दुभाषा ऐनवेळी मिळेलच असं नाही, त्यामुळे आधी बुक करायला सांगणं बरं. आणि भाषा स्वतः सांगा. "इंडियन" एवढ्यावर सोडलंत तर समोरचा हिंदी गृहीत धरतो, आणि हिंदी सिनेमा समजणं वेगळं, पोटातलं दुखणं हिंदीत सांगणं वेगळं.

सर्वांत मोठी उणीव नियमातली आहे. खाजगी जीपी (म्हणजे नेहमीचे डॉक्टर) आणि स्पेशालिस्टकडे दुभाष्याचा खर्च सरकार उचलतं, पण मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, असलेल्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर काही महिन्यांसाठी आलेले आईवडील यात बसत नाहीत, आणि आपल्या समाजात तेच पुष्कळ. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

क्लिनिकमध्ये "मुलगा आहे ना बरोबर, मग दुभाषा कशाला?" असं विचारलं तर मागे हटू नका. डॉक्टरांसाठी टीआयएसची वेगळी प्राधान्य लाइन आहे, ती त्यांना सुचवा. आईबाबांना १३१ ४५० हा नंबर स्वतःलाही लावता येतो. भाषेचं नाव सांगायचं, दुभाषा आला की कुठल्या ऑफिसशी बोलायचं ते सांगायचं. आईच्या फाइलवर आता "मराठी, स्त्री दुभाषी" अशी नोंद आहे. स्पेशालिस्टकडे मी तिला गाडीने सोडणार आहे आणि वेटिंग रूममध्ये बसणार आहे. आत ती एकटी जाणार, हे तिनेच ठरवलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण व्हिजिटर व्हिसावाल्यांसाठी राखून ठेवला आहे.