टाइपस्क्रिप्ट, वेबपॅक आणि सीएसएस मॉड्यूल्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

सीएसएस मॉड्यूल्स प्रत्येक फाइलमधल्या क्लासची नावं आपोआप वेगळी करतात, त्यामुळे क्लासच्या नावांची भांडणं मिटतात, यात वाद नाही. दोन कंपोनंटमध्ये 'टायटल' असला तरी काही बिघडत नाही. डोकेदुखी आहे ती टाइप्सची, म्हणजे कुठल्या सीएसएस फाइलमध्ये कोणते क्लास आहेत हे टाइपस्क्रिप्टला कळण्याची.

सीएसएस फाइल इंपोर्ट केली की टाइपस्क्रिप्ट आधी २३०७ क्रमांकाची ('मॉड्यूल सापडलं नाही') एरर देतं. बहुतेक जण एका डी.टीएस फाइलमध्ये (म्हणजे फक्त टाइप्सची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्या सीएसएस फाइल्सना लागू होणारं वाइल्डकार्ड डिक्लरेशन टाकून मोकळे होतात. वीट (Vite) या बिल्ड टूलमध्ये तर ते आयतंच मिळतं. पण त्यात क्लासचं कुठलंही नाव चालतं. 'हेडर'चं स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर गप्प, आणि टेम्प्लेट लिटरलमधून क्लास जोडला असेल तर डॉममध्ये चक्क 'अनडिफाइन्ड' नावाचा क्लास दिसतो. टाइपस्क्रिप्ट-प्लगइन-सीएसएस-मॉड्यूल्सने एडिटरमध्ये नावं छान सुचतात, पण टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कमांड-लाइन कंपायलर) तो प्लगइन चालवतच नाही, त्यामुळे सीआयमध्ये (कोड आपोआप तपासला जातो तिथे) त्याचा उपयोग शून्य.

खरा उपाय म्हणजे टाइप्ड-सीएसएस-मॉड्यूल्स. त्याची टीसीएम कमांड प्रत्येक सीएसएस फाइलशेजारी डी.टीएस फाइल तयार करते. काम करताना वॉच मोड ठेवा, या फाइल्स गिटमध्ये घाला, आणि सीआयमध्ये टीएससीच्या आधी टीसीएम लिस्ट-डिफरंट (जुन्या झालेल्या फाइल्स दाखवणाऱ्या) पर्यायासह चालवा. फाइल शिळी असेल तर बिल्ड तिथेच पडतो. सीएसएस फाइल डिलीट केली की तिची डी.टीएस आठवणीने उडवा. सीएसएसऐवजी थेट सॅस (एससीएसएस) फाइल्स असतील तर टीसीएमच्या नादी लागू नका, टाइप्ड-एससीएसएस-मॉड्यूल्स घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते वेबपॅकला (फाइल्सचं बंडल बनवणाऱ्या टूलला) सीएसएस वाचून देणाऱ्या सीएसएस-लोडरच्या ७ आवृत्तीवरचं अपग्रेड. २०२४च्या या आवृत्तीत नेम्ड एक्स्पोर्ट (एका डीफॉल्ट ऑब्जेक्टऐवजी प्रत्येक क्लास त्याच्या नावाने वेगळा एक्स्पोर्ट करणं) आपोआप लागू झाले. टीसीएमचे टाइप्स मात्र जुन्याच पद्धतीचे, त्यामुळे टाइपचेक हिरवा आणि वेबपॅक म्हणतं डीफॉल्ट एक्स्पोर्ट सापडला नाही. लोडरच्या मॉड्यूल्स पर्यायात नेम्डएक्स्पोर्ट फॉल्स आणि एक्स्पोर्टलोकल्सकन्व्हेन्शन 'ॲज-इज' ठेवलं की जुनं वागणं परत येतं. किंवा सगळीकडे स्टार इंपोर्ट (import * as) करा आणि टीसीएमलाही नेम्ड एक्स्पोर्ट सांगा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे करू नका.

एक गोष्ट टाइप्सच्या आवाक्याबाहेरची. कंपोनंटला बाहेरून दिलेला क्लास आणि त्याचा स्वतःचा क्लास, दोघांची स्पेसिफिसिटी (कोणता नियम वरचढ ठरेल ते ठरवणारं वजन) सारखीच. तयार झालेल्या सीएसएसमध्ये जो नंतर येतो तो जिंकतो. डेव्हमध्ये बरोबर दिसणारं मार्जिन प्रॉडक्शनमध्ये चंक (बंडलचे तुकडे) बदलले की सरकतं. सीएसएस वेगळ्या फाइल्समध्ये काढणाऱ्या मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट प्लगइनची 'कॉन्फ्लिक्टिंग ऑर्डर' वॉर्निंग म्हणूनच आधी तपासा, ती दाबणारा इग्नोरऑर्डर पर्याय लगेच लावू नका. अशा जागी सीएसएस व्हेरिएबल किंवा वेगळा व्हेरियंट प्रॉप बरा.