नव्या गाडीचं ऑइल लवकर बदललं, अ‍ॅडिटिव्हची बाटली मात्र घातली नाही: बारा हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे माझ्या गाडीचं पहिलं ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्ष झाल्यावर बदलायचं होतं. मी ते दीड हजाराच्या आसपास काढलं, दुसरं सहा हजाराच्या पुढेमागे आणि तिसरं परवा. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. ऑइलचा गुण वाढवायला वरून मिसळतात तसलं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह घातलं नाही. आमच्या दाजींनी माझ्या मागोमाग हेच मॉडेल घेतलं. त्यांनी ऑइल कंपनीच्या वेळेवरच ठेवलं, पण पहिल्या सर्व्हिसपासून ‘इंजिन ट्रीटमेंट’ची बाटली सुरू केली. त्यामुळे दोन्ही गाड्या शेजारी ठेवून बघता आल्या.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. फाउंड्रीतून आलेल्या इंजिन ब्लॉकचं बोअरिंग (सिलिंडरचं भोक मापात कापणं) आणि मग होनिंग (ते दगडांनी घासणं) हे रोजचं काम. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत केलेली नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांच्या कडांवरची बारीक टोकं मात्र सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगांखाली घासून बसतात, तेव्हाच रिंगा आणि भिंत यांची जोडी जमते. म्हणजे नव्या इंजिनात थोडी झीज व्हायलाच हवी. निघालेला धातू शेवटी येतो तो ऑइलमध्येच. आमच्याकडे ब्लॉक कितीही चांगला धुतला तरी पांढऱ्या कपड्याने बोअर पुसला की करडा डाग येतोच, हे कुठलाही ऑपरेटर सांगेल.

म्हणून ऑइलचा पहिला फिल्टर टाकून न देता उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उघडला. हॅक्सॉ लावायचा नाही, ब्लेडचाच चुरा आत पडतो आणि मग कुठला धातू कुणाचा ते कळत नाही. पाइप कटरसारखं चाक असलेल्या कटरने डबा कापला, आतला घड्यांचा कागद ब्लेडने सोडवून व्हाइसमध्ये दाबून ऑइल काढलं आणि उन्हात पसरला. जवळून बघितलं तर घड्यांच्या तळाशी चंदेरी चमक होती, जरीची पूड सांडल्यासारखी. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून वरून फिरवला, काही कण उभे राहून चिकटले, ते लोखंडी. न चिकटलेले बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे. त्याखेरीज एका घडीत गास्केटच्या सीलंटचा दोऱ्यासारखा तुकडा होता. दुसऱ्या खेपेच्या फिल्टरमध्ये ही चमक शोधावी लागली. परवाच्या फिल्टरमध्ये काजळीशिवाय सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, फिल्टरने धरलं ना, मग ऑइल कशाला काढायचं? साधा कागदी फिल्टर साधारण २० ते ३० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण चांगले पकडतो. त्याहून बारीक बरेच निसटतात आणि पुन्हा पुन्हा फिरतात. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर कामाच्या वेळी काही मायक्रॉनचाच असतो. तिथे त्रास देणारा कण नेमका त्या निसटलेल्यांतला. तो बाहेर काढायचा तर ड्रेन नट खोलून चेंबर रिकामं करणं हाच उपाय. माझा सगळा युक्तिवाद एवढ्यावरच उभा आहे.

चालवताना फरक पडला का? नाही. पिकअप तोच, आवाज तोच. पुणे-कोल्हापूर हायवेला विशीच्या आसपास आणि शहरात चौदा-पंधराचा अ‍ॅव्हरेज, एकाच पंपावर टाकी फुल करून काढलेला, ऑइल बदलण्याआधी आणि नंतर सारखाच. दाजींच्या गाडीचाही तेवढाच. ‘ऑइल बदललं आणि गाडी पळायला लागली’ असं नव्या इंजिनाबद्दल कुणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. फायदा झालाच तर तो दीड-दोन लाख किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन आणि ऑइल खाण्यात दिसेल. आणि कंपनीच्या वेळेवर ऑइल बदलूनही तेवढी चाललेली इंजिनं रस्त्यावर भरपूर आहेत. तरी ऑइल आणि फिल्टर मिळून अडीच हजारांच्या घरात एकदा जास्तीचा खर्च, तोही गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची असताना, मला योग्य वाटतो. एकदाच. पाचशे, हजार, दोन हजार असं दर थोड्या अंतराने ऑइल काढणं म्हणजे पैसे गटारात. कारखान्यातून भरलेलं ऑइल लवकर काढू नका असं काही कंपन्या स्पष्ट सांगतात. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर तेच पाळा.

बाटलीबद्दल माझं मत जास्त ठाम आहे. चांगल्या ऑइलमध्ये बेस ऑइलबरोबर अ‍ॅडिटिव्ह आधीच मापून घातलेले असतात: मळ धुणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट, काजळी तरंगत ठेवणारे डिस्पर्संट, झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग, काहींत मॉलिब्डेनम. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा एपीआय एसपी हा अमेरिकी दर्जा २०२० मध्ये आला, आणि या वर्गातल्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण तो धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. मीठ बेताचं पडलेल्या आमटीत वरून आणखी मूठ टाकावी तसं बाहेरच्या बाटलीने हे माप बिघडतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने १९९६ मध्ये स्लिक ५० या टेफ्लॉनवाल्या ट्रीटमेंटच्या झीज कमी करण्याच्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून तक्रार दाखल केली होती आणि १९९७ मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटलं. इतकं जुनं प्रकरण, तरी तसेच दावे आजही डब्यांवर वाचायला मिळतात.

राग येतो तो विकण्याच्या पद्धतीचा. पहिल्या फ्री सर्व्हिसला अ‍ॅडव्हायजरने एस्टिमेटमध्ये न विचारता ‘इंजिन फ्लश’ (द्रावण घालून इंजिन आतून धुणं) लिहिलं होतं. हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनात फ्लश करण्यासारखा गाळ असतोच कुठे? उलट फ्लशचं द्रावण पूर्ण निघालं नाही तर नवं ऑइल पातळ होतं. मी ती ओळ खोडायला लावली. सही करण्याआधी एस्टिमेट ओळ न् ओळ वाचा, एवढीच विनंती.

यापेक्षा रनिंग-इनकडे, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला कशी चालवतो याकडे, लक्ष दिलेलं बरं. रिंग भिंतीवर दाबली जाते ती जळणाऱ्या वायूच्या दाबाने, म्हणून फार हळू-हळू चालवूनही रिंगा नीट बसत नाहीत. पन्हाळ्याचा चढ, आंबा घाट यांसारख्या रस्त्यांवर इंजिन गरम झाल्यावर मध्यम आरपीएमवर कमी-जास्त ओढ दिली. हायवेला एकाच वेगात तासन्‌तास चालवली नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवलं नाही, सरळ गिअर खाली घेतला.

दुसरं म्हणजे राजारामपुरीतून महाद्वार रोड आणि परत, एवढ्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाणी त्यात साठत जातं, पावसाळ्यात जास्तच. त्यामुळे पुढेही मी पाच-सहा हजारांना ऑइल काढणार आहे. रोज हायवेला लांब जाणाऱ्याने दहा हजारांवर ठेवलं तरी हरकत नाही.

ऑइल लवकर बदलायचंच असेल तर ग्रेड (ऑइलचा पातळ-जाडपणा) पुस्तिकेतलाच, ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर ०डब्ल्यू-२०च. ‘कोल्हापूरच्या उन्हाला जाड लागतं’ म्हणून १५डब्ल्यू-४० ओतणारे मिस्त्री आहेत, त्यांचं ऐकू नका. ड्रेन नटचा वॉशर नवा, लेव्हल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये, आणि किलोमीटर लिहिलेलं बिल जपून. वॉरंटीची वेळ आली तर तेच दाखवावं लागतं. टर्बो पेट्रोल असेल तर लवकर बदलण्याचं कारण आणखी पक्कं, ऑइल जास्त तापतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला मात्र पुस्तिकेतलं कमी राखेचं ऑइलच, आणि वरची बाटली अजिबात नको, कारण तिच्यातल्या धातूंची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

दाजींना मी तिन्ही फिल्टरचे कागद दाखवले. ‘पुढच्या वेळेपासून बाटली बंद, त्या पैशात ऑइलच लवकर बदलू,’ म्हणाले. त्यांच्या गाडीचं ऑइल आता दर सहा महिन्यांनी निघेल.