तांब्याच्या तारेवरचं नेट: डीएसएल काही महिने वापरल्यानंतर

घरी डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट आहे आणि ते रखडतंय अशी रोजची कटकट असेल, तर मोठा प्लॅन घेण्याआधी मोडेमचं स्टेटस पान उघडा. गेले काही महिने मी ही लाइन रोज कामासाठी वापरतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. संथ डीएसएलची बरीचशी दुखणी घरातल्या वायरिंगमध्ये आणि अपलोडच्या रांगेत सापडतात. ती ओळखायला लागणारे आकडे मोडेम दाखवतच असतो, फक्त ते पान कोणी उघडत नाही.

माझी लाइन एडीएसएल२+ ची आहे, म्हणजे डीएसएलच्या एडीएसएल या प्रकाराची सुधारलेली आवृत्ती. हे तंत्र कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) जातं, पण ते टेलिफोन एक्सचेंजला अगदी खेटून राहणाऱ्यांसाठी. साधा टेलिफोनचा आवाज तारेवर ४ किलोहर्ट्झच्या आत बसतो. डीएसएल त्याच तारेवर त्याच्या वरची जागा वापरतं, एडीएसएल साधारण १.१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि एडीएसएल२+ २.२ पर्यंत. तांब्याची तार लांबली की वरची फ्रीक्वेन्सी आधी मरते. त्यामुळे एक्सचेंजपासून तीन किलोमीटरच्या आसपास पोचलात की २+ चा फायदा जवळजवळ संपतो. हे तारेच्या स्वभावातच आहे, तिथे कुठलीही तक्रार उपयोगाची नाही.

आता आकड्यांकडे. मोडेमचं पान बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं. त्यात ‘डीएसएल स्टेटस’ किंवा ‘लाइन स्टॅटिस्टिक्स’ असं काहीतरी असतं. पाहायचं ते एवढंच: सिंक रेट, अॅटेन्युएशन, नॉइज मार्जिन आणि सीआरसी एरर. सिंक रेट म्हणजे मोडेम आणि एक्सचेंजमधलं यंत्र यांनी आपसात ठरवलेला वेग. अॅटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती विरला. सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या डेटाची मोजणी. नॉइज मार्जिन म्हणजे लाइन टिकायला जेवढं लागतं त्याच्यावर शिल्लक किती आहे. बऱ्याच ठिकाणी मोडेम ६ डेसिबल शिल्लक ठेवूनच वेग ठरवतो. ती शिल्लक शून्याकडे सरकली की लाइन तुटते आणि मोडेम पुन्हा जुळवाजुळव सुरू करतो.

माझ्याकडे अॅटेन्युएशन ३८ डेसिबल होतं आणि सिंक ४ एमबीपीएसच्या थोडं वर. इथेच पहिला धागा हाती लागला. ३८ डेसिबलच्या निरोगी लाइनवर एडीएसएल२+ ने ८ ते १० द्यायला हवेत. म्हणजे तारेच्या लांबीने जे मिळायला हवं होतं त्याच्या निम्म्यावर गाडी अडली होती. अॅटेन्युएशन ६० च्या घरात असतं, तर हेच ४ एमबीपीएस मी निमूट मान्य केले असते. म्हणून नुसता वेग सांगून सल्ला मागणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: अॅटेन्युएशन किती आहे?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच भांडण होतं. सिंक रेट आणि स्पीड टेस्ट कधीच सारखे येत नाहीत. एडीएसएलवर डेटा एटीएम सेल नावाच्या ५३ बाइटच्या छोट्या तुकड्यांमधून जातो आणि त्यातले ४८ बाइटच आपल्या कामाचे. वर पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचा, बोजा असतो. एकूण १२ ते १५ टक्के यात जातात. सिंक १० असेल आणि टेस्ट साडेआठ दाखवत असेल, तर सगळं ठीक आहे. आणि डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला एक मेगाबाइट दिसत असेल तर ते ८ मेगाबिट झाले.

मग मी मोडेम उचलून घरात लाइन जिथे शिरते त्या पहिल्या बॉक्सपाशी नेला आणि घरातली बाकी सगळी वायर सोडवून थेट तिथे लावला. माझ्या मते सगळ्या तपासणीत याहून मोलाची पायरी नाही. तिथे सिंक वाढला तर दोष घरात, नाही वाढला तर बाहेर. माझ्याकडे तो एका झटक्यात ९ च्या पुढे गेला.

आत कुठे काय आहे ते शोधताना सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वेळ सार्थकी लागला. मधल्या खोलीतल्या प्लेटचे स्क्रू काढले तेव्हा आत दोन तारा नुसत्या एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोलली तर तिचा चिकट थर बोटाला लागला आणि खाली तांब्यावर हिरवट पापुद्रा. एक तार जरा हलवली की मोडेमच्या पानावर मार्जिन तीन-चार डेसिबलनं खाली यायचं, सोडली की परत वर. त्याच पिळातून एक फाटा भिंतीत पुढे गेला होता, दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेलं नाही. असा मोकळा फाटा दुहेरी त्रास देतो. सिग्नल त्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि काही फ्रीक्वेन्सींवर मूळ सिग्नललाच मारतो. शिवाय तो फाटा अँटेनासारखा घरातला सगळा विजेचा गोंगाट गोळा करतो. फाटा तोडला, गंजलेलं टोक कापून जेल भरलेल्या कनेक्टरनं नवा जोड केला, आणि पहिल्या बॉक्सवरच फोन आणि नेट वेगळं करणारा मोठा स्प्लिटर बसवून मोडेमसाठी वेगळी पिळाची जोडी ओढली. प्रत्येक फोनपाशी छोटा फिल्टर लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मग फोनची वायर कशीही असो, मोडेमशी तिचा संबंध उरत नाही.

खराब जोड ओळखायची एक जुनी खूण इथे सांगायलाच हवी. फोनचा रिसीव्हर उचलला किंवा घंटी वाजली की नेट सुधारत असेल, तर लाइनवर कुठेतरी गंजलेला जोड आहे असं समजा. फोन चालू झाला की तारेतून करंट वाहतो आणि तो गंज तात्पुरता भेदतो. फोन ठेवला की काही वेळानं पुन्हा येरे माझ्या मागल्या. उलट घंटी वाजली की नेट तुटत असेल तर बहुधा फिल्टर नाही किंवा तो गेलेला आहे. आणि जोडीतली एक तार पूर्ण तुटली तरी डीएसएल कधीकधी चालू राहतं, अगदी रांगत का होईना, पण फोनला डायलटोन नसतो. त्यामुळे फोन मेला पण नेट आहे, अशी तक्रार ऐकली तर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा.

जोड नीट केल्यावरही अंधार पडला की मार्जिन दोन डेसिबलनं उतरायचं. हे बऱ्याच जणांना दिसतं आणि बरेच जण त्याचं खापर गर्दीच्या वेळेवर फोडतात. गर्दीनं वेग उतरतो, मार्जिन उतरत नाही. मार्जिन उतरतं ते बाहेरून येणाऱ्या लहरींमुळे. मध्यम लहरींवरची रेडिओ केंद्रं साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झमध्ये बोलतात, म्हणजे नेमकी डीएसएलच्या जागेत. दिवसा वातावरणाचा आयनीभूत खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरून परावर्तित होतात आणि दूरदूरची केंद्रंही आपल्या तारेवर उतरतात. यावर घरगुती उपाय नाही, पण एक व्यवहारी तोडगा आहे. मोडेम दिवसा शांत लाइनवर सिंक झाला तर तो हावरटासारखा जास्त वेग पकडतो आणि रात्री कोसळतो. म्हणून मी तो एकदा रात्रीच्या गोंगाटातच नव्याने सिंक होऊ दिला. वेग किंचित कमी मिळाला, पण तेव्हापासून लाइन आपणहून तुटलेली नाही.

घरातला गोंगाट शोधायला छोटा मध्यम लहरींचा रेडिओ अजूनही उत्तम. केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवा आणि रेडिओ घेऊन घरभर फिरा. ज्या अॅडॅप्टरपाशी किंवा एलईडी दिव्यापाशी तो भणभणतो, तो बंद करून मार्जिन पाहा. माझ्याकडे टेबलावरच्या दिव्याचा अॅडॅप्टर बदलल्यावर सीआरसी एररची धावच थांबली.

नेट संथ झालं की मोडेम बंद-चालू करायची सवय मात्र डीएसएलवर सोडा. काही कंपन्यांच्या यंत्रणा लाइन सारखी तुटतेय असं दिसलं की ती अस्थिर धरतात आणि आपोआप वेग कमी करतात किंवा इंटरलीव्हिंग (डेटा विखरून पाठवणं) वाढवतात. इंटरलीव्हिंगमुळे एरर झाकले जातात पण पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढतो. एकदा खाली गेलेला वेग वर यायला मग बरेच दिवस वाट पाहावी लागते.

इथवर लाइन सुधारली. आता दुसरा भाग, ज्यानं माझं रोजचं काम खरंच बदललं. एडीएसएलमध्ये अपलोड मुद्दाम लहान ठेवलेलं आहे. बेलकोअर या अमेरिकी टेलिफोन संशोधन कंपनीतल्या जोसेफ लेक्लायडर यांची ही कल्पना: दोन्ही दिशांना सारखा वेग देण्यापेक्षा घराकडे येणारा मोठा ठेवला, तर तारांमधला परस्परांचा अडथळा कमी होतो आणि एकूण जास्त मिळतं. कल्पना फार हुशारीची होती, पण तेव्हा घरोघरी मोबाइल फोटो ढगात चढवत नव्हते. १ एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला जेमतेम १२५ किलोबाइट. चार मेगाबाइटचा एक फोटो अर्धा मिनिट लाइन अडवतो. अरुंद गल्लीत ट्रक शिरला की मागच्या सायकलीही अडकतात, तसं मग डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक डाउनलोडची पोच अपलोडमधूनच परत जाते.

हे स्वतः पाहायचं असेल तर एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ चढवायला लावा. माझ्याकडे ३० मिलिसेकंदांचा पिंग दीड हजारावर गेला. व्हिडिओ कॉलवर ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य का पुन्हा पुन्हा येतं, ते तिथे स्पष्ट दिसतं. स्पीड टेस्टला यातलं काही दिसत नाही, कारण ती मोकळ्या लाइनवर केली जाते.

यावर उपाय आहे आणि तो सुंदर आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा डेटाची पाकिटं रांगेत किती वेळ ताटकळतात हे ती बघते. तिचंच पुढचं रूप एफक्यू-कोडेल आज ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणि अनेक राउटरांमध्ये मिळतं, कधी ‘एसक्यूएम’ या नावानं. अपलोडची मर्यादा सिंक रेटच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवायची आणि लाइनचा प्रकार एटीएम निवडायचा, एवढंच. रांग मोडेममध्ये साचण्याऐवजी राउटरच्या ताब्यात राहते. तेच अपलोड चालू असताना माझा पिंग आता साठच्या आत असतो. आकड्यांत वेग थोडा कमी झाला, वापरताना तो दुप्पट वाटतो.

वाय-फायबद्दल थोडक्यात. आधी केबलनं तपासा, केबलवर नीट असेल तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल घ्या, जवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलल्यानं पान उघडायला लागणारी सुरुवातीची घुटमळ कमी होऊ शकते, डाउनलोडचा वेग नाही.

तक्रार कधी करावी? पहिल्या बॉक्सवर थेट लावूनही सिंक कमी असेल, किंवा फोनवर एक अंक दाबून शांततेत ऐकल्यावर खरखर येत असेल, तर दोष बाहेरचा. सिंक चांगला, मार्जिन स्थिर, लाइन मोकळी आणि तरी संध्याकाळी कंपनीच्या पहिल्याच टप्प्यापर्यंतचा पिंग फुगत असेल, तर कंपनीच्या बाजूला गर्दी आहे. माझ्या कंपनीनं आधी मोडेम रीसेट करा एवढंच उत्तर वारंवार दिलं. दिवसाचे आणि रात्रीचे आकडे, सोबत पहिल्या बॉक्सवरचा सिंक, असं एकत्र पाठवल्यावर मात्र लाइनमन आला आणि बाहेरच्या डब्यातला पाणी शिरलेला जोडही बदलून गेला. आकडे हातात असले की बोलणं तक्रार निवारणाच्या ठरीव वाक्यांपाशी थांबत नाही.

आज माझी लाइन साडेनऊवर सिंक होते, टेस्टला आठच्या थोडं वर मिळतं. एक व्हिडिओ कॉल, एक हाय डेफिनिशन सिनेमा आणि कोणाचं तरी साधं ब्राउझिंग एकाच वेळी निभतं. मोठ्या फाइल रोज चढवणाऱ्याला मात्र मी ही लाइन सुचवणार नाही. अपलोडची ती भिंत कुठल्याही सेटिंगनं हलत नाही, आणि फायबर दारापाशी आलं असेल तर त्यानं सरळ ते घ्यावं. बाकीच्यांनी निदान पहिल्या बॉक्सचे स्क्रू काढून पाहावेत.