पोलर एच १० : खाऱ्या हवेत छातीचा पट्टा

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढताना मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेले ठोके धरून चालू नयेत. ते घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्ताची भरती-ओहोटी पाहतं. मूठ आवळली की मनगटाचे स्नायू ताणतात, घड्याळ सरकतं आणि कधी कधी तर ओढण्याची लयच नाडी म्हणून मोजली जाते. माडावर चढताना, चिरे गाडीत भरताना, कबड्डीत पकड करताना हीच गत. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहर थेट टिपतो, म्हणून अशा कामाला तोच घ्यावा. फिनलंडच्या पोलर कंपनीचा एच १० हा त्यातला सर्वांत भरवशाच्या पट्ट्यांपैकी एक. पण कोकणात तो वापरायच्या काही रीती आहेत आणि त्या डब्यातल्या कागदावरून नीटशा उमगत नाहीत.

पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांवर घट्ट बसवायचा. आतली खरखरीत इलेक्ट्रोडची, म्हणजे हृदयाची लहर टिपणारी, पट्टी आधी साध्या पाण्याने ओली करायची. कोरड्या पट्टीवर पहिली काही मिनिटं आकडे उड्या मारतात, अगदी बसल्या जागी १८० सुद्धा. मे महिन्यात इथे घाम लगेच सुटतो, त्यामुळे हा त्रास थंडीतल्या पहाटेच्या धावण्यालाच जास्त. अंगाला खोबरेल लावून पट्टा बांधू नये. तेल वीज अडवतं, शिवाय पट्टीत मुरून बसतं. वेदनाशामक मलमाचंही तसंच. पट्टा दोन मापांत मिळतो. सडपातळ माणसाने मोठा घेतला तर तो धापेसरशी खाली उतरतो आणि मधलेच ठोके गळतात.

समुद्रात मात्र याची मर्यादा उघडी पडते. ३० मीटरपर्यंत पाणी आत जात नाही हे खरं, पण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे दोन इलेक्ट्रोडमध्ये शॉर्ट होतं आणि हृदयाची लहर हरवते. ब्लूटूथही पाण्याखाली चालत नाही. कंबरभर पाण्यात जाळं सोडणाऱ्याच्या छातीपर्यंत लाटा येत असतील, तर तेवढ्या वेळेच्या नोंदीवर विसंबू नये. पोहण्यासाठी म्हणून हा घेणार असाल तर तळ्यात किंवा विहिरीत बरा.

खरा शत्रू म्हणजे काम संपल्यानंतरचा दमटपणा. मधली डबी, म्हणजे ठोके मोजणारं यंत्र, पट्ट्यावरून बटणासारखी निघते. ती रोज काढायचीच. ओला पट्टा जोडलेलाच राहिला की डबीला अजून कोणीतरी अंगात घातल्यासारखं वाटतं, ती जागी राहते आणि सुमारे ४०० तास पुरायची बॅटरी भलतीच लवकर संपते. पावसाळ्यात दोरीवर टाकलेला पट्टा दोन-दोन दिवस सुकत नाही, तेव्हा हे हमखास होतं. वापर झाला की गोड्या पाण्यातून काढावा, टॉवेलात दाबावा, पंख्याखाली ठेवावा. मिठाची खर राहिली की इलास्टिक कडक होतं आणि काखेखाली पुरळ उठतं. बॅटरी साधी सीआर २०२५, झाकण नाण्याने फिरतं. बदलताना रबरी कडी नीट बसली आहे ना ते पाहा. तिच्यावर वाळूचा एक कण राहिला तरी आत ओल शिरते. पट्टा गेला तर नुसता पट्टा वेगळा घेता येतो, ही मोठी सोय.

एक नोंद डबीतच साठते. पोलरच्या ॲपवरून सुरू करून फोन घरी ठेवता येतो. मात्र ती उतरवून घेतल्याशिवाय पुढची सुरू होत नाही.

आता आकड्यांचं. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच कामाला ठोके तासागणिक चढत जातात. त्यामुळे थंड हवेत ठरवलेले झोन, म्हणजे मेहनतीनुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, इथे तसेच्या तसे लावले तर माणूस विनाकारण थांबेल किंवा आकडा चुकीचा मानून पुढे रेटेल. दुसरं जास्त वाईट. कमाल ठोक्यांचा सरळ हिशेब असा : २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. पन्नाशीच्या माणसाचे कमाल ठोके १७३. विश्रांतीचे ७० असतील तर फरक १०३, त्याचा तिसरा हिस्सा ३४. तो विश्रांतीच्या ७० मध्ये मिळवला की १०४. म्हणजे दिवसभराच्या कामाची सरासरी तेवढ्याच्या आसपास राहावी. रक्तदाबासाठी ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे गणित लागू नाही.

त्याहून उपयोगी कसोटी विसाव्याची. काम थांबवून सावलीत बसा, पहिल्या मिनिटाच्या शेवटी आणि तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी आकडा पाहा. पहिला ११० च्या आत असेल तर ठीक. तिसरा ९० च्या वर आणि दोन्हींत १० पेक्षा कमी फरक असेल, तर कामाचा पुढचा तुकडा आखूड करा, विसावा वाढवा.

घाम मात्र पट्टा मोजत नाही, त्याला वजनकाटाच हवा. अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत, आधी आणि नंतर. ६० किलोचा माणूस ५९.४ वर आला आणि मध्ये लिटरभर पाणी प्यायला, तर घाम १.६ लिटर. याच माणसाचं वजन ९०० ग्रॅमहून जास्त घटलं तर पाणी कमी पडलं. मीठ घातलेली पेज तिथे कामाची.

नुसतं चालण्यासाठी एवढा खर्च करू नये, त्याला मनगटी घड्याळ पुरतं. पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. संघासाठी घेत असाल तर डबी सगळ्यांत एक चालेल, पट्टे प्रत्येकाचे वेगळे.