मशरबियाच्या आड अकरा महिने

गेल्या नोव्हेंबरात आम्ही अबू धाबीतल्या या इमारतीत राहायला आलो. जाहिरातीत 'आधुनिक अरबी शैली' असं लिहिलं होतं. म्हणजे बाल्कन्यांवर मशरबिया (नक्षीच्या जाळ्या), मधोमध चौक आणि गच्चीवर दोन बरजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे. पुढे तक्रारी येणार आहेत, म्हणून इमारतीचं नाव लिहीत नाही. मार्चपर्यंतचं मत धरूही नका, त्या दिवसांत इथे तंबूतसुद्धा मजेत राहता येतं. खरी परीक्षा मेपासून.

आधी जाळीबद्दल. मशरबिया म्हणजे जुन्या कैरोतल्या घरांची लाकडी जाळीची खिडकी. बाहेर काढलेली, आतून रस्ता दिसेल पण रस्त्यावरून आतलं कुणी दिसणार नाही अशी. हा शब्द अरबीतल्या 'पिणे' या धातूवरून आला असं सांगतात, कारण पाण्याच्या सुरया गार व्हायला तिथेच ठेवत. हे आईला सांगितलं. ती एप्रिलमध्ये साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. ती म्हणाली, "मग ठेव की एक माठ." मिना बंदराजवळच्या रोपबाजारातून माठ आणला, ओलं फडकं गुंडाळून जाळीमागे ठेवला. मे महिन्यात पाणी खरोखर गार. आई खूष, मी चकित. आणि ऑगस्टमध्ये तोच माठ, तीच जागा, पाणी कोमट. हवेतच एवढं पाणी असतं की बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, मग माठातलं कुठून उडणार? एका कोरड्या शहरातली युक्ती किनाऱ्यावरच्या शहरात वर्षभर चालत नाही, हे मला त्या माठानं शिकवलं.

जाळी मात्र ऑगस्टमध्येही काम करत होती. आमचा आधीचा फ्लॅटही पश्चिमेकडेच तोंड करून होता, पण नुसत्या काचेचा. दुपारी चारला काचेला हात लावला तर तवा. इथे त्याच वेळी काच कोमट असते. कारण साधं आहे. पडदा आत असतो, त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर ऊन घरात शिरलेलं असतं. जाळी उन्हाला काचेच्या बाहेरच थोपवते. एसी बंद ठेवता येतो असं अजिबात नाही, पण पूर्वी तो दुपारभर घरघरायचा, आता मधेमधे दम खातो.

आमची जाळी लाकडाची नाही, जीआरसीची आहे, म्हणजे काचतंतू घातलेलं सिमेंट. मसदर सिटी ही अबू धाबीतली कमी ऊर्जेत चालावी म्हणून उभारलेली वसाहत, तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरांवर लाल मातीच्या रंगाच्या जाळ्या आहेत, त्याही याच्याच. टिकाऊ आहे, तडकलेली नाही. पण लाकूड रात्री दमटपणा शोषून दिवसा सोडतं, ते सिमेंट काय करणार. इजिप्तचे वास्तुकार हसन फाथी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. डोळ्यांच्या उंचीला जाळी दाट हवी, म्हणजे उजेड बोचत नाही, आणि वर विरळ हवी, म्हणजे वारा येतो. आमची वरपासून खालपर्यंत एकसारखी, अष्टकोनी चांदण्यांची. साच्यातून काढलेली, झालं. परिणामी रोज दुपारी तीनच्या सुमारास माझ्या लॅपटॉपवर चांदण्या उमटतात आणि डोकं दुखतं. टेबल सरकवलं, आता भिंतीकडे तोंड करून काम करतो.

त्याहून मोठी चूक उत्तरेला आहे. याच शहरात अल बहार मनोरे आहेत, 2012 सालचे. त्यांच्या छत्रीसारख्या जाळ्या सूर्याबरोबर उघडतात, मिटतात. आणि उत्तरेच्या बाजूला जाळी लावलेलीच नाही, कारण तिथे ऊन फारसं येत नाही. आमच्या इमारतीत चारही बाजूंना सारखीच जाळी. उत्तरेकडच्या फ्लॅटमध्ये नागपूरचं एक कुटुंब राहतं, ते भर दुपारी दिवे लावून बसतात. दाखवायला चारही बाजू सारख्या हव्यात ना!

आता बरजील. गच्चीवरचे आमचे दोन दिसायला झकास आहेत. एकदा गच्चीवर गेलो तेव्हा देखभालीच्या माणसाला विचारलं, यातून वारा कुठे उतरतो? तो हसला. "अंदर टंकी है, साब." खरा बरजील पाहायचा तर दुबईच्या अल फाहिदी भागात जा. आतमध्ये फुलीसारख्या आडभिंती असतात, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एका बाजूनं खाली उतरतो आणि दुसऱ्या बाजूनं वर निघून जातो. खाली उभं राहिलं की घाम सुकतो, एवढंच, पण तेवढंच हवं असतं. बंद काचांच्या एसी घरात त्याला कामच नाही. मसदरवाल्यांनी हे ओळखलं. त्यांचा 45 मीटरचा मनोरा कुठल्या खोलीत नाही, उघड्या चौकात उतरतो, वरून पाण्याचे तुषारही सोडलेत. जूनमध्ये तिथे उभा राहिलो होतो. गार वगैरे नाही वाटलं, पण पळून जावंसं वाटलं नाही.

आमचा चौक मात्र इमारतीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. अरुंद आणि उंच, त्यामुळे सकाळी साडेदहापर्यंत आणि दुपारी चारनंतर पूर्ण सावली. तिथे जायला दोन चिंचोळे बोळ आहेत, इथे अशा बोळाला 'सिक्का' म्हणतात. आईला तो शब्द फार आवडला, वापरायला लागली. मुलं रात्री दहापर्यंत खेळतात आणि आवाज घुमून आठव्या मजल्यापर्यंत येतो, तेवढं सहन करा.

फ्लॅटचं दारही अरबी पद्धतीनं वळणाचं आहे, उंबऱ्यात उभं राहिलेल्याला बैठक दिसत नाही. कल्पना छान. आमचा फ्रिज त्या वळणावर अडकला आणि दाराची चौकट काढावी लागली.

आता कबुतरं. जाळी आणि काच यांच्यामधली हातभर फट त्यांना फारच पसंत आहे. वर शमालची, म्हणजे वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याची धूळ, तिच्यावर दमट हवा, म्हणजे नक्षीत थर चिकटून बसतो. दोर लावून येणारे सफाईवाले बाहेरची बाजू पुसतात, आतली 'भाडेकरूची'. मी जुन्या टूथब्रशनं घासतो. एक फायदाही सांगतो. इथे बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घातले तर पालिकेचा दंड होतो. जाळीआड निवांत वाळतात.

असं घर बघायला जाणार असाल तर दुपारी चारला जा, पश्चिमेच्या काचेला हात लावा, आणि आतली जाळी कोण धुणार हे लेखी घ्या. करार आम्ही पुढच्या वर्षासाठी वाढवला आहे. सफाईचं कलम घालून घेतलं. कबुतरं अडवायची जाळी मागितली होती, तिला नकार आला, इमारतीचं रूप बिघडेल म्हणून.