फॅन बेल्ट : घरी बदलावा की गॅरेजमध्ये?

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), एसीचा कंप्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही फिरवणाऱ्या पट्ट्याला आपल्याकडे अजून फॅन बेल्टच म्हणतात, जरी रेडिएटरचा पंखा आता विजेवर चालत असला तरी. माझ्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा हा बेल्ट आजवर तीनदा बदलला आहे. दोनदा तो गॅरेजमध्ये बदलला आणि तिसऱ्यांदा जुळे सोलापुरातल्या घरासमोर मी स्वतः बदलला. इंजिनच्या झडपांची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टचा विषय निराळा आहे. तो एक दाता चुकला तरी इंजिनला इजा होऊ शकते, त्यामुळे त्यासाठी मी आजही मिस्त्रींकडेच जाईन.

वेळेच्या बाबतीत गॅरेजला तोड नाही. सरावलेला हात अर्ध्या तासात गाडी परत देतो. मला पहिल्या खेपेला अडीच तास लागले आणि त्यातला बराचसा वेळ अल्टरनेटरच्या खालच्या बोल्टपर्यंत पोहोचण्यात गेला, कारण त्यासाठी पुढचे उजवे चाक आणि आतले प्लॅस्टिकचे कव्हर काढावे लागले. मजुरीत जे वाचते, ते एवढ्या खटपटीसाठी पुरेसे आहे असे मला वाटत नाही. अनुभवी मिस्त्रींचा आणखी एक फायदा मान्य करायलाच हवा. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीमागच्या सीलमधून ऑइल झिरपून बेल्टवर येत असेल, तर ते त्यांच्या नजरेला आपल्या आधी दिसते.

असे असूनही माझा कल घरच्या कामाकडे झुकला, तो एका त्रासामुळे. दुसऱ्यांदा बेल्ट बदलून आणल्यानंतर आठ-दहा दिवसांतच सकाळी गाडी सुरू केली की बेल्ट किंचाळू लागला. मी गाडी परत नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, ताणाच्या समायोजनाचा बोल्ट दोन आटे फिरवला आणि पाच मिनिटांत गाडी माझ्या हाती दिली. आवाज खरोखर थांबला. महिन्याभराने मात्र ॲक्सिलरेटर दाबला की त्याच्याबरोबर चढत जाणारी बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली, आणि एका रविवारी अक्कलकोटला जाताना मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला. अल्टरनेटरचे बेअरिंग गेले होते आणि त्या दुरुस्तीला बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. बेल्ट जास्त ताणल्यामुळेच ते गेले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण गाडीही जुनी होती. परंतु बेल्ट गरजेपेक्षा घट्ट असला की अल्टरनेटरचा आणि वॉटर पंपाचा दांडा सतत एका बाजूला ओढला जातो आणि तो भार बेअरिंगवर येतो, एवढे निश्चित आहे.

बेल्ट किंचाळतो याचा अर्थ तो सैल आहे असाच होत नाही, ही गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर मी तो बोल्ट फिरवू दिला नसता. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट आलेले असू शकते, एखादी पुली रेषेतून किंचित सरकलेली असू शकते, किंवा आयडलर पुलीचे (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीचे) बेअरिंग जड झालेले असू शकते. हे तपासण्याची खरी संधी एकच असते : जुना बेल्ट उतरलेला आहे आणि नवा अजून चढलेला नाही, तेवढी दहा मिनिटे. त्या वेळी प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहता येते. घरी मी तसे केले तेव्हा अल्टरनेटरची पुली गुळगुळीत फिरली. आयडलरला मात्र बोटांना स्पष्ट खरखर लागली, डब्यात बारीक वाळू हलावी तशी. दोन वेळा बेल्ट बदलला गेला, पण त्या पुलीला बहुधा कोणी हात लावला नव्हता. मी ती पुली बदलली आणि त्यानंतर ताण बेताचा ठेवूनही सकाळचा आवाज आलेला नाही.

भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा समजही आता सोडून द्यावा. पूर्वीच्या निओप्रीन रबराला भेगा पडत. आजचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात, त्यांच्या खाचा रुंदावतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो, तरीही वरून तो नव्यासारखाच दिसतो.

घरी करणार असाल तर गाडी सपाट फरशीवर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाच्या पोकळीत हात घालू नका. खाली स्टँड हवाच. बेल्ट उतरवण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो काढा. बेल्टच्या पाठीवरचा क्रमांक जुळवून घ्या : ‘६ पीके १०७०’ म्हणजे सहा धारा (बेल्टच्या आतल्या बाजूचे लांबट कंगोरे) आणि १०७० मिलिमीटर लांबी. बसवताना प्रत्येक पुलीवर बोट फिरवून धारा मोजा, कारण एक धार बाहेर राहिली तरी बेल्टची कड थोड्याच दिवसांत कुरतडली जाते. ताण इंजिन थंड असतानाच पाहायचा असतो, म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे सहाला सुरू करणेच बरे. बेल्ट किती दबावा हे गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते, आणि नव्या व वापरलेल्या बेल्टचे आकडे वेगळे असू शकतात.

ज्यांच्या गाडीत बेल्ट आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर अडचणीच्या जागी आहे, किंवा समायोजनाची सोयच नसलेला ताणून बसवायचा बेल्ट आहे, त्यांनी गॅरेजच निवडावे; अशा बेल्टला वेगळे हत्यार लागते. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचे असेल तरीही मी तेच सुचवेन, फक्त समोर उभे राहून पुल्या हाताने फिरवून पाहायला सांगा.

बाकीच्यांनी एक सकाळ मोकळी ठेवून स्वतः करून पाहावे, असे मला वाटते. नवा बेल्ट सुरुवातीच्या काही दिवसांत बसतो आणि थोडा सैल होतो. गॅरेजमधून आणलेल्या गाडीसाठी तेवढ्याकरता पुन्हा फेरी घालावी लागते आणि ती बहुधा राहून जाते. मी चौथ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघण्यापूर्वी, बारा नंबरच्या पान्याने बोल्ट पाव आटा फिरवला.